पोपरिंगेत विसावलेला कर्णधार

बेल्जियममध्ये ईपरपर्यंत जाणाऱ्यांनी पुढे पोपरिंगेलाही जावं. रेल्वेने ते अगदी जवळ आहे. गावाबाहेर उंच खांबांवर चढवलेल्या हॉप्सच्या वेली दिसतात आणि पश्चिमेला नाइन एल्म्स ही पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी लागते. मी तिथे गेलो तो न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा कर्णधार डेव्ह गॅलहर याच्या थडग्यासाठी.

शिळेवर न्यूझीलंडचं नेच्याचं पान, हुद्दा सार्जंट आणि वय ४१. हे वय चुकीचं आहे. जन्म १८७३ चा, आयर्लंडमधल्या रॅमेल्टनचा. म्हणजे ४ ऑक्टोबर १९१७ ला तो गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. सैन्यात भरती होताना त्याने वय कमी सांगितलं होतं. त्याआधी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातही तो लढला होता.

लहानपणीच तो कुटुंबासोबत न्यूझीलंडला गेला आणि ऑकलंडच्या पॉन्सन्बी क्लबकडून रग्बी खेळू लागला. १९०३ मध्ये सिडनीत न्यूझीलंडने आपली पहिली कसोटी खेळली, त्या संघात तो होता. १९०५ च्या ब्रिटन दौऱ्यावर तो कर्णधार म्हणून निघाला, पण बोटीवरच काही खेळाडूंनी त्याच्या नेमणुकीवर हरकत घेतली. त्याने पद सोडायची तयारी दाखवली. मग मतदान झालं आणि १७ विरुद्ध १२ मतांनी तोच कर्णधार राहिला. मला त्याचा हा निर्णय मैदानावरच्या कुठल्याही चढाईइतका मोठा वाटतो.

स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ वाकून एकमेकांना रेटत चेंडू मिळवतात तिथे, न्यूझीलंडचे सातच गडी वाकायचे. गॅलहर बाहेर राहून चेंडू आत टाकायचा आणि स्क्रममधून चेंडू उचलणाऱ्या आपल्या हाफबॅककडे धावणाऱ्यांच्या वाटेत उभा राहायचा. ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याला लबाड ठरवलं, पंचांनी वारंवार शिक्षा दिल्या. माझ्या मते हा अन्याय होता. नव्या डावपेचाला उत्तर सापडत नव्हतं, म्हणून राग माणसावर निघाला.

त्या दौऱ्यातल्या ३५ सामन्यांपैकी ३४ जिंकले. कार्डिफला वेल्सकडून मात्र ३-० अशी हार झाली. न्यूझीलंडच्या बॉब डीन्सचा ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) नाकारला गेला, त्यावर आजही वाद होतात. गॅलहरने मात्र चांगला संघ जिंकला असं म्हणून निकाल मान्य केला.

पुढे तो न्यूझीलंडचा निवडसमिती सदस्य झाला. पाशेंडेलच्या लढाईत जखमी होऊन तो गेला. ऑकलंडचे क्लब १९२२ पासून गॅलहर शील्डसाठी झुंजतात आणि पॉन्सन्बीने ती अनेकदा जिंकली आहे.