कॉमेट: दोष एकट्या खिडकीचा नव्हता

छत्रपती संभाजीनगर असो की नांदेड, इंजिनिअरिंगच्या वर्गात धातूचा थकवा (पुन्हापुन्हा ताण पडून धातूला भेगा जाणं) शिकवायला घेतला की डी हॅविलंड कॉमेट या ब्रिटिश प्रवासी जेट विमानाचं नाव निघतंच. पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: खिडक्या चौकोनी होत्या, म्हणून विमान फुटलं. हे अर्धंच खरं आहे. खिडक्यांचे कोपरे गोलसरच होते, पण पुरेसे नव्हते.

कॉमेटचं पहिलं उड्डाण २७ जुलै १९४९ला झालं आणि २ मे १९५२ला लंडन-जोहान्सबर्ग प्रवासी सेवा सुरू झाली. विमान ४०,००० फुटांवर उडे, पण केबिनमधला दाब ८,००० फुटांवरचा ठेवत. आतबाहेरच्या दाबातला फरक चौरस इंचाला ८.२५ पौंड, म्हणजे घरच्या कुकरच्या साधारण निम्मा. पण कुकरचं भांडं जाड असतं. इथे वजन वाचवायला पत्रा काही ठिकाणी जेमतेम ०.७ मिलिमीटरचा. प्रत्येक उड्डाणात तो एकदा फुगायचा, एकदा बसायचा.

१० जानेवारी १९५४ला एक विमान एल्बा बेटाजवळ कोसळलं (३५ मृत्यू), ८ एप्रिलला दुसरं नेपल्सजवळच्या समुद्रात (२१ मृत्यू). मग इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत उतरवलं, पंख तेवढे बाहेर. पाणीच का? हवा दाबली की स्फोटासारखी फुटते आणि पुरावाच उडवून देते. पाणी दाबलं जात नाही. पत्रा फाटला की दाब लगेच उतरतो, भेग जागच्या जागी सापडते. आपल्याकडे बोअरची पाइपलाइन पाणी भरून दाब देऊन तपासतात ना, तत्त्व तेच.

प्रत्यक्षातली १,२२१ आणि टाकीतली १,८३६, मिळून ३,०५७ आवर्तनांवर (एकदा फुगणं-बसणं म्हणजे एक आवर्तन) केबिन फाटली. एल्बाच्या विमानाची तर जेमतेम १,२९० उड्डाणं झाली होती. त्याची भेग निघाली छतावरच्या अँटेनाच्या झरोक्याजवळच्या रिव्हेटच्या भोकातून. रिव्हेटची जुनी दुखणी पत्र्याचं काम करणाऱ्याला ठाऊक असतात: भोक ठोकून पाडलं की कडा फाटक्या राहतात आणि पत्रा तिथूनच सुटतो.

मला खरी चूक दिसते ती चाचणीत. अपघातांआधी थकव्याची चाचणी झाली होती, आणि केबिनचा नमुना तुकडा १६,०००पेक्षा जास्त आवर्तनं टिकलाही होता. पण त्याच तुकड्याला आधी नेहमीच्या दुप्पट दाब दिला होता. त्यामुळे भोकांभोवतीचा धातू किंचित ताणला गेला, दाब काढल्यावर तिथे धातूला आवळून धरणारा ताण अडकून राहिला आणि भेग पडणं लांबणीवर गेलं. ही ‘कसरत’ केलेला तुकडा टिकला. रोजच्या विमानाला मात्र तेवढी सवय कुणी लावली नव्हती.

दुसरं दुखणं टेकऑफचं. ३ मार्च १९५३ला कराचीत नाक जास्त उचललं गेलं, पंखांची पकड सुटली, ११ गेले. नंतर पंखाची पुढची कड बदलली.

चार इंजिनं पंखाच्या मुळात लपवली होती. हवेचा अडथळा कमी, एक बंद पडलं तरी विमान फारसं वळत नाही. पण मोठ्या व्यासाचं इंजिन तिथे मावत नाही, बदलायलाही कटकट.

सुधारलेलं ‘कॉमेट ४’ हे मॉडेल ४ ऑक्टोबर १९५८ला अटलांटिकपारच्या प्रवासी सेवेत आलं, बोइंग ७०७च्या तीन आठवडे आधी. ७०७ मोठं निघालं आणि बाजार त्याने नेला. कॉमेटची प्रवासी उड्डाणं १९८०पर्यंत चालली. त्याच सांगाड्यावरून बेतलेलं निमरॉड हे लष्करी विमान, ब्रिटिश हवाई दलात, २०११पर्यंत.