ग्राउलिथ हंट: संत्र्यांच्या ढिगात एक मोसंबी

शायनी ग्राउलिथ मिळाला, म्हणजे पोकेमॉन गेममधल्या कुत्र्यासारख्या ग्राउलिथचा दुर्मीळ, वेगळ्या रंगाचा नमुना. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बरंचसं रडगाणं आहे, आणि मागच्या नोंदीत ‘आठवडाभरात होऊन जाईल’ असं मीच लिहून बसलो होतो. एकोणीस दिवस लागले.

थोडक्यात मागचं: गेम पोकेमॉन स्कार्लेट, पद्धत मास आउटब्रेक (एकाच जातीचे पुष्कळ पोकेमॉन एका जागी जमतात तो प्रकार) अधिक सँडविच (गेममध्येच खायचं, अर्धा तास शायनीची शक्यता वाढवणारं). शायनीची शक्यता वाढवणारं शायनी चार्म माझ्याकडे नाही. त्यासाठी पाल्डियाचं, म्हणजे गेममधल्या प्रदेशाचं, ४०० पोकेमॉनचं पोकेडेक्स (पकडलेल्यांची यादी) पूर्ण लागतं, माझं ३७१ वर आहे आणि उरलेले २९ गोळा करायचा कंटाळा. या कंटाळ्याची किंमत किती, ते खाली येईलच.

ग्राउलिथच का, तर नेहमीचा ग्राउलिथ संत्र्याच्या रंगाचा आणि शायनी पिवळा, सोनेरीकडे झुकणारा. कळमन्याच्या फळबाजारात संत्र्यांच्या ढिगात चुकून एक मोसंबी आली तर जवळून लगेच दिसेल, पण रस्त्याच्या पलीकडून बघा बरं. स्कार्लेटमध्ये आपण कायम रस्त्याच्या पलीकडूनच बघतो. आधीच्या लेजंड्स आर्सियस या पोकेमॉन गेममध्ये शायनी आला की आवाज व्हायचा, इथे नुसत्या रंगावरून ओळखायचं. माझा स्विच, म्हणजे निन्टेन्डोचा गेम कन्सोल, साधा, ६.२ इंची. त्यावर लांबचा ग्राउलिथ म्हणजे तांदळाएवढा ठिपका.

आता ऑड्सचं, म्हणजे शक्यतेचं बघू, नवीन मंडळी दरवेळी विचारतात म्हणून. प्रत्येक पोकेमॉनला गेम एक छुपा आकडा देतो आणि तो तुमच्या ट्रेनर आयडीशी ताडून बघतो. डब्यात ६५,५३६ चिठ्ठ्या आहेत समजा, त्यातल्या १६ शायनीच्या. म्हणजे ४,०९६ मध्ये एक. २०१३ च्या पोकेमॉन एक्स-वाय या गेमच्या आधी चिठ्ठ्या ८ च होत्या, म्हणून जुने लोक अजून ८,१९२ चा आकडा सांगून छाती पुढे काढतात. चार्म, सँडविच, आउटब्रेक यांतलं काहीही त्या १६ चिठ्ठ्या वाढवत नाही, फक्त हात पुन्हा डब्यात घालू देतं. आउटब्रेकमधले ३० पाडले (लढाईत हरवले) की एक जादा खेप, ६० पाडले की दोन. सँडविचमधून मिळणाऱ्या स्पार्कलिंग पॉवर लेव्हल ३ च्या तीन. चार्मच्या दोन, ज्या मला नाहीत. मूळची एक धरून माझ्या एकूण सहा खेपा, म्हणजे ६८३ मध्ये एक. चार्मवाल्यांना ५१२ मध्ये एक. कंटाळ्याची किंमत ती ही.

आणि ६८३ बघितले म्हणजे मिळणारच असं नाही, तिथवर साधारण ६३ टक्के लोकांना मिळतो. ९० टक्क्यांपर्यंत जायला १,५७० च्या वर बघावे लागतात.

साठ मोजायला मी मंदिराबाहेर मिळणारं बोटात घालायचं जप काउंटर वापरतो. आईला आधी वाटलं पोरगं सुधारलं. साठ झाले की थांबायचं, हे महत्त्वाचं. हावरटपणा करून पाडत राहिलात तर आउटब्रेकच संपून जातो.

सँडविचला दोन हर्बा मिस्टिका (दुर्मीळ मसाले) लागतात, त्या पाच-सहा स्टारच्या टेरा रेड या अवघड लढायांमधून कधी मिळतात, कधी नाही. म्हणून ऑटोसेव्ह बंद ठेवायचा, साठ पाडून झाले की हाताने सेव्ह करायचं आणि मगच सँडविच खायचं. अर्ध्या तासात काही नाही आलं तर सेव्ह न करता गेम बंद. पुन्हा चालू केलं की हर्बाही परत, साठचा हिशोबही परत. (सँडविच करताना वरचा पाव घरंगळून खाली पडला तरी चालतं. माझा दरवेळी पडतो.) मग गेममधली पिकनिक उघडायची, बंद करायची, आजूबाजूचे सगळे नवे येतात. बघायचं, पुन्हा पिकनिक. माझ्या हाताने अर्ध्या तासात पाचेकशे होतात.

इथवर पुस्तकी. घोटाळा केला नागपूरच्या मे महिन्याने. निन्टेन्डो सांगते स्विच ५ ते ३५ अंशांत वापरा. आमच्याकडे नवतपा चालू, बाहेर ४५, आणि कूलरसमोर ठेवावा तर ती ओली हवा थेट मशीनमध्ये. एका दुपारी पंखा असा भणाणला की शेजारच्या खोलीतून बाबांनी विचारलं, ‘मिक्सर कोण चालवून राहिलं?’ थोड्या वेळाने तापल्याची सूचना देऊन स्विच स्वतःच झोपी गेला. म्हणून हंट रात्री अकरानंतर हलवला, आणि तिथेच फसलो. आउटब्रेक कन्सोलच्या घड्याळात तारीख बदलली की पुसले जातात. साठ पाडून ११:२५ ला सेव्ह, सँडविच संपलं ११:५७ ला, पाणी प्यायला उठलो, रीलोड केलं तर नकाशावर ग्राउलिथच नाही! सेव्ह शाबूत, आउटब्रेक गायब. नंतर सुचलं ते तुम्ही आधीच करा: कन्सोलचं घड्याळ पहाटेचं लावा आणि मग आउटब्रेक शोधायला लागा. उलट क्रमाने केलंत तर घड्याळ बदलताना सापडलेलाही जाऊ शकतो. तारीख पुढे सरकवत नवा ग्राउलिथ शोधण्यात चार संध्याकाळी गेल्या.

नवीन आउटब्रेकवर पहिली दोन सँडविचं कोरडी गेली. तिसऱ्याला, रविवारी, मित्र आला होता तर्री पोहे घेऊन. स्विच टीव्हीला जोडला होता. मी नेहमीच्या तालात बघितलं, पिकनिक उघडली, आणि मागून आवाज आला, ‘अबे, तो झाडामागचा पिवळा होता ना बे!’

पिकनिक बंद केली. झाडामागे दुसराच, संत्र्याचा.

तो थट्टा करतोय असं मी पाच मिनिटं धरून चाललो होतो. पण त्याला शायनी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, तो थट्टा कशाची करणार? दर सँडविचला पाचशे या हिशोबाने तिन्ही कोरडी जाण्याची वेळ साधारण नऊ जणांत एकावर येते, आणि मी तो नववा म्हणून स्वतःला समजावत होतो. त्यातलं एक तरी कोरडं नव्हतंच. आधीच्या दोनांत किती सोडले, देव जाणे.

मग वेग सोडला. चढावर एक जागा पक्की केली, कॅमेरा डावीकडून उजवीकडे एकदाच, सावकाश. गेममध्ये सकाळ झाल्याशिवाय सँडविच नाही, कारण संध्याकाळच्या उजेडात मोसंबीचंही संत्रं होतं. आणि जरा जरी शंका आली की आर बटण दाबून माझ्या अझुमरिल या पोकेमॉनला अंगावर सोडायचं. अशा ‘लेट्स गो’ पद्धतीने पाठवलेला आपला पोकेमॉन साध्यांना आपोआप लोळवतो, पण समोर शायनी असेल तर हल्ला करायला नकार देतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वापरत नव्हतो, कारण दर वेळी पाच सेकंद जातात. उगाच पाडलेले आउटब्रेकमधून कमी होतात हे खरं, म्हणून शंका असेल तिथेच.

या पद्धतीने अर्ध्या तासात तीनशेच होतात. चौथ्या सँडविचच्या अठराव्या मिनिटाला खडकाच्या सावलीत एक होता. मला तो संत्राच वाटला, खरं सांगतो. सवयीने आर दाबलं. अझुमरिल धावत गेलं, आणि थांबलं. मारेचना. मी हातातला स्विच डोळ्यांशी नेला, मग कॅमेरा फिरवून जवळ गेलो, आणि उन्हात आल्यावर त्याची पाठ पिवळी. आधी सेव्ह केलं. मग पकडायला क्विक बॉल, पहिल्याच फेकीत आत.

नाव ठेवलं मोसंबी. गेमच्या कीबोर्डात देवनागरी नाही, त्यामुळे रोमन अक्षरांत.

मोबाइलवरचं पोकेमॉन गो खेळणारे फुटाळा तलावावर बोलवतायत, तिथे निदान टॅप केल्यावर चमक तरी दिसते म्हणे. पण त्यांचा कम्युनिटी डे हा कार्यक्रम दुपारी २ ते ५. मे महिन्यात. फुटाळ्यावर. तुम्ही जा.

मी पुढचं अंड्यांवर करतोय, ‘मासुदा’ नावाच्या पद्धतीने. दोन वेगवेगळ्या भाषांच्या गेममधले आईबाप ठेवले की चार्मशिवाय तेच ६८३ मध्ये एक, पण अंडं फुटून एकेक पिल्लू स्क्रीनभर समोर येतं, झाडामागे राहत नाही. ऑनलाइन ट्रेडमध्ये जपानी गेममधला डिट्टो (जवळपास कोणाशीही जोडी जमणारा पोकेमॉन) हाती लागला. आतापर्यंत ४० अंडी, सगळी साधी. काउंटर शून्यावर आणून पुन्हा बोटात घातलंय.