धिंड काढली, मग पुढे?

दर दोन-चार महिन्यांनी पुण्यात कुठेतरी रात्री पाच-सहा पोरं कोयते घेऊन निघतात, रस्त्यावर लावलेल्या रिक्षा, टेम्पो, टू-व्हीलर फोडतात, सीसीटीव्हीचं फुटेज दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपवर फिरतं, आणि मग काही दिवसांनी दुसरा व्हिडिओ येतो, त्याच पोरांची त्याच गल्लीतून पोलिसांनी काढलेली धिंड. खाली कमेंट्स ठरलेल्या. 'असंच पाहिजे', 'पाय तोडा यांचे', 'आता येतील मानवाधिकारवाले'. मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून बरीच वर्षं वस्तीतल्या पोरांबरोबर काम करते त्यामुळे फॅमिली ग्रुपवर असला व्हिडिओ टाकताना आमचे काका मला मुद्दाम टॅग करतात. तिकडे उत्तर लिहिलं तर लगेच वर चार गुड मॉर्निंग येतात, म्हणून इथे लिहिते.

धिंडीमुळे पोराला लाज वाटते हा समज आधी काढून टाका. लाज आईला वाटते. ती आठ दिवस कामाला जाताना मागच्या गल्लीने जाते. पोराला मात्र जे हवं होतं तेच मिळतं, म्हणजे प्रेक्षक. ज्या चौकात दहशत करायची होती त्याच चौकात सगळी वस्ती गॅलरीत उभी राहून त्याला बघते, आणि दोन दिवसांत त्याचा कुणीतरी मित्र त्याच व्हिडिओला स्लो मोशन लावून, मागे गाणं टाकून, 'भाई लवकरच बाहेर' अशी रील करतो. पोरगं अठराच्या आतलं असेल तर हे बेकायदेशीरही आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्याची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्याचं बाजूला ठेवा, माझा आक्षेप साधा आहे, उपयोग होत नाही.

मुळात ही मारामारी रागातून होते असं आपण धरून चालतो. पेपरमध्ये कारण छापून येतं 'रागाने का बघतोस म्हणून वार'. पोरं त्याला खुन्नस म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं एवढ्याशा गोष्टीवरून? एका पोराने मला सरळ सांगितलं होतं, "ताई, चार पोरं बघत होती ना. गप बसलो असतो तर उद्यापासून कोणीपण टपली मारून गेलं असतं." यात राग किती आणि हिशोब किती ते तुम्हीच बघा. तो हिशोब चुकीचाही नाहीये, त्या गल्लीत, त्या वयात, तो बऱ्यापैकी बरोबर असतो, आणि म्हणूनच 'दीर्घ श्वास घे, दहा आकडे मोज' वालं काउन्सेलिंग त्याच्यापुढे फुकट जातं. तो समोर बसून मान हलवतो, हो मॅडम म्हणतो, आपण फॉर्मवर सेशन झालं म्हणून टिक करतो, विषय संपला.

भडका वेगळा आणि बदला वेगळा, हे मी एवढ्या वर्षांत शिकले. भडका मिनिटाभराचा. कट मारला, शिवी दिली, इन्स्टाच्या स्टोरीवर कुणी हसायचे इमोजी टाकले, झालं. बदला कट्ट्यावर बसून शिजतो, चार-पाच डोकी मिळून, कधीकधी आठवडाभर. दोन्हीला एकच औषध चालत नाही.

भडक्यावर काय करायचं याचा मला सगळ्यात पटलेला प्रकार शिकागोचा आहे. तिथे 'बिकमिंग अ मॅन' नावाचा कार्यक्रम शाळांमधून चालतो, आठवड्यातून एक तास, पोरांचा गट आणि एक मोठा माणूस. त्यात एक खेळ आहे. दोघांची जोडी, एकाच्या मुठीत बॉल, दुसऱ्याने ३० सेकंदात तो काढून घ्यायचा. पोरं मुठी पिरगाळतात, लोळतात, बोटं उलटी करतात. मग विचारतात, तू त्याच्याकडे बॉल मागितलास का? आम्ही इथे वस्तीत रबरी बॉल घेऊन करून बघितलं, अगदी तस्संच झालं, फरक एवढाच की 'मागायचा होता ना' म्हटल्यावर एक जण म्हणाला "मागितला असता तर दिला असता का त्याने", समोरचा म्हणाला "दिला असता की, मला काय करायचाय", आणि पुढचा अर्धा तास त्या पोरांनीच चर्चा केली, मला तोंड उघडावं लागलं नाही. गंमत म्हणजे हा कार्यक्रम 'चांगलं वाग' असं सांगतच नाही. रस्त्यावर आपोआप हात उचलला जातो ते कधीकधी गरजेचं असेलही, पण आत्ताची ही वेळ तसली आहे का, हे बघायला दोन सेकंद थांब, एवढंच. शिकागो युनिव्हर्सिटीच्या लोकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून तपासलं तर कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यातल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी. कार्यक्रम संपल्यावर मात्र तो फरक फारसा टिकला नाही. हे दुसरं वाक्य प्रेझेंटेशनमध्ये कोणी घेत नाही, पण आमच्यासारख्यांना तेच महत्त्वाचं, कारण आमच्याकडे प्रोजेक्ट वर्षभराचा असतो आणि पोरगं चौदाचं असतं.

गट म्हटलं की अजून एक. 'त्रासदायक' पोरं वेचून त्यांचाच एक गट करायचा मोह सगळ्यांना होतो, शाळेला, पोलिसांना, देणगीदारांना. तसं करू नका. अशी पोरं एकत्र बसली की जो सगळ्यात भारी किस्सा सांगतो त्याला हशा मिळतो, आणि तासाभरात आपण त्यांना नवीन गँग जमवून दिलेली असते. परदेशात यावर बराच अभ्यास झालाय. आणि ते 'एक दिवस जेल दाखवा, सुतासारखी सरळ होतील' वालं, अमेरिकेत 'स्केअर्ड स्ट्रेट' नावाने वर्षानुवर्षं केलं, नीट तपासलं तेव्हा निघालं की जेल बघून आलेल्या पोरांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. काका, हे वाचताय ना?

आता बदला. इथे आपलं सोशल वर्क खरंच कमी पडतं. एखाद्या पोरावर वार होतो, त्याला सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेतात, आणि बाहेर पार्किंगमध्ये त्याची दहा-बारा पोरं जमतात. पुढचा वार कुणावर, कधी, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं. आत डॉक्टर टाके घालतायत, पोलीस जबाब घेतायत, बाहेरच्या दहा जणांशी बोलायला कोणी नाही. स्कॉटलंडच्या ग्लासगोमध्ये २००५ साली पोलिसांनीच व्हायलन्स रिडक्शन युनिट, म्हणजे हिंसा कमी करायचं पथक, काढलं, तेव्हा ते शहर चाकूबाजीसाठी युरोपात बदनाम होतं. कॅरिन मॅक्लस्की आणि जॉन कार्नोकन ही दोन नावं, एक गुन्ह्यांची माहिती अभ्यासणारी बाई आणि एक खुनांचा तपास करणारा पोलीस, दोघं म्हणाले की नुसतं पकडून हे थांबणार नाही. २००८ मध्ये टोळ्यांच्या पोरांना चक्क कोर्टात बोलावलं, खटल्यासाठी नाही, ऐकायला. तिथे चाकूच्या जखमा शिवणारा डॉक्टर बोलला, एक आई बोलली, पोलिसांनी सांगितलं की यापुढे एकाने काही केलं तर अख्ख्या टोळीच्या मागे लागू, आणि शेवटी एक फोन नंबर दिला, सोडायचं असेल तर इथे फोन करा, शिक्षण, काम, जे लागेल ते बघू. धमकी आणि मदत एकाच खोलीत. नंतर २०१५ पासून तिथल्या इमर्जन्सी वॉर्डात 'नॅव्हिगेटर' म्हणून माणसं बसवली, ज्यांचं कामच जखमी पोराशी त्याच रात्री बोलायचं, टाके पडलेले असताना, कारण तेव्हा तो ऐकतो.

आपल्याकडे हे नाही असं नाही म्हणता येणार, आपल्याकडे मांडवली आहे. भांडण झालं की दोन्हीकडची पोरं एखाद्या भाईकडे किंवा कुणा नेत्याच्या ऑफिसात जातात, तो बसवतो, पैसे ठरतात, हस्तांदोलन होतं, खून टळतो. मी याला नावं ठेवत नाही, एकदा तर डोळ्यांनी बघितलंय की ज्या पोराला मी आठवडाभर समजावत होते ते अशा माणसाच्या एका वाक्यात गप झालं. पण त्याची किंमत पोरगं चुकवतं. उद्या त्याच माणसाच्या रॅलीत बाइक, परवा त्याच्याच कामासाठी कोयता. शिकागोत गॅरी स्लटकिन नावाच्या डॉक्टरने २००० च्या आसपास जुन्या टोळीवाल्यांनाच पगारावर ठेवून भांडणं मिटवायला लावली, म्हणजे आपली मांडवलीच, फक्त त्यात पोरगं कुणाचं देणं लागत नाही. आपल्याकडे तसा माणूस कुठून आणायचा? मला वाटतं काही गणेश मंडळांत, ढोल पथकांत असे तिशी-पस्तिशीचे दादा आहेत, एकेकाळी स्वतः सगळं करून बसलेले, आता टेम्पो चालवणारे, पोरांना वाढवणारे. त्यांचं पोरं ऐकतात. त्यांना आम्ही 'व्हॉलंटियर' म्हणून चहा-बिस्किटावर बोलावतो, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या मला पगार मिळतो. हे उलटं असायला हवं कदाचित.

कायदा म्हणाल तर कागदावर तो आपल्याच बाजूचा आहे. अठराच्या आतल्या पोरांच्या केसेस ज्या बाल न्याय मंडळापुढे चालतात तिथे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यातले सदस्य बसतात, पैकी किमान एक बाई. परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरने, सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो, म्हणजे घर, शाळा, मित्र, नशा, कुणी मारतं का, हे पोरगं इथवर कसं पोचलं. मी असे अहवाल वाचलेत ज्यात तीन वेगवेगळ्या पोरांच्या घरची परिस्थिती शब्द न् शब्द एकच, 'वडील व्यसनी, संगत वाईट, आर्थिक स्थिती बेताची'. लिहिणाऱ्याला शिव्या देऊन काय होणार, एकेकाकडे केसेसचा ढीग असतो. पण पोराने कोयता कुणाच्या भीतीने घेतला हे त्या तीन ओळींत नसतं, आणि तेच माहीत नसेल तर घरी सोडताना कुठल्या गल्लीत सोडतोय हे मंडळाला कळणार कसं? बाल न्याय कायद्याच्या कलम १८ मध्ये समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं असं बरंच काही आहे. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यातल्या कल्याणीनगरला श्रीमंत घरच्या अल्पवयीन पोराच्या गाडीने केलेल्या अपघातानंतर त्याला जामीन देताना मंडळाची ती ३०० शब्दांच्या निबंधाची ऑर्डर आली आणि अख्ख्या देशाने टर उडवली, उडवायलाच हवी होती, दोन माणसं मेली होती. पण त्या हशात 'समाजसेवेची शिक्षा म्हणजे श्रीमंताची सुटका' असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि त्याचा भुर्दंड आता वस्तीतल्या पोरांना.

आयांबद्दल थोडं. 'घरचे लक्ष देत नाहीत' हे वाक्य मी ऐकून घेत नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई सकाळी सहाला बाहेर पडते, तिने लक्ष कधी द्यायचं? आणि तरी सगळ्यात हुशार इलाज मी आयांकडेच बघितलाय. प्रकरण तापलं की त्या पोराला मामाकडे गावी पाठवतात, लातूर, सोलापूर, कर्नाटकाच्या सीमेवर कुठेतरी. "मॅडम, इथं राहिला तर मारंल नायतर मरंल, तिकडं शेळ्या राखंल," एक आई मला म्हणाली होती, आणि तो खरंच सहा-आठ महिने शेळ्या राखून, मामाच्या शिव्या खाऊन, दहावीचा फॉर्म भरायला परत आला. तोपर्यंत समोरच्या टोळीतले दोघं कामाला लागले होते, एकाचं लग्न ठरलेलं. हे आमच्या कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. पण बहुतेक पोरांची मारामारी विशीच्या पुढे आपोआप ओसरते, हे जगभर दिसतं, म्हणून मधली तीन-चार वर्षं कुणी मरू न देता, कुणाला मारू न देता काढायची, असं मी माझं काम समजते. ज्यांचे मामा गावी नाहीत त्यांच्यासाठी असं कुठलंही ठिकाण आपण बांधलेलं नाही. केस चालू असताना पोरांना ठेवतात ते निरीक्षणगृह हे ते ठिकाण नव्हे, तिथे बहुतेक वेळा समोरच्या टोळीतलाच कुणीतरी शेजारच्या बेडवर असतो.

सध्या माझ्या डोक्यात एक सतरा वर्षं आणि काही महिन्यांचा पोरगा आहे. मंडळात त्याची केस चालू आहे, काउन्सेलिंगला येतो, गॅरेजमध्ये जातो, हल्ली बोलायलाही लागलाय. पुढच्या महिन्यात त्याचा अठरावा वाढदिवस, मित्रांनी फ्लेक्सची वर्गणी काढायला सुरुवात केलीय आणि केक तलवारीने कापायचा असं ठरतंय. तशी एक रील जरी बाहेर पडली तर त्याच्यावर जो गुन्हा दाखल होईल तो मोठ्यांच्या कोर्टात, शिवाय आमचा प्रोजेक्ट अठरा वर्षांपर्यंतच्याच मुलांसाठी मंजूर आहे. गॅरेजवाल्या शेठशी बोलले, त्या दिवशी संध्याकाळी उशिरापर्यंत त्याला कामावर ठेवतो म्हणालेत, आणि केक ते स्वतः आणणार आहेत. मित्रांशी अजून बोलायचंय.