आईचं लिव्हिंग विल : सोलापुरातला माझा अनुभव

लिव्हिंग विल, म्हणजे पुढे स्वतः बोलता येत नसेल तेव्हा कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा कागद, करू म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न : "सुई टोचून मारतेत का काय?"

तसं नाही. नेदरलँड्समध्ये २००२ पासून कडक अटी पाळून डॉक्टर तेही करू शकतात. आपल्याकडे तो गुन्हाच. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला मान्य केला तो उपचार नाकारण्याचा हक्क. तेव्हा अशा कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची, म्हणून सामान्य माणूस त्या वाटेला जातच नव्हता. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो.

पात्रता वाचायला सोपी : सज्ञान असावं, मन ठिकाणावर असावं, कुणाची जबरदस्ती नसावी. मला त्यातली दुसरी अट लागली. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्मृतिभ्रंश आहे. मला कधी ओळखतात, कधी काकांच्या नावाने हाक मारतात. त्यांच्या वतीने असा कागद आम्हाला करता येत नाही. उद्या वेळ आलीच तर घरच्यांची संमती आणि डॉक्टरांची दोन मंडळं, एवढाच मार्ग उरतो. त्यांना काय हवं होतं, हे आता विचारणार कुणाला?

म्हणून आईचं लगेच करायला घेतलं. मजकुरावर सगळ्यात जास्त वेळ गेला. 'उगाच त्रास देऊ नये' असं मोघम लिहून भागत नाही. अस्पष्ट कागद मंडळ बाजूला ठेवू शकतं. व्हेंटिलेटर, नाकातून अन्न द्यायची नळी, डायलिसिस, एकेक गोष्ट आईला समजावून सांगितली. नळीवर ती अडली. "उपाशी ठेवनार का रे मला?" आमच्या फॅमिली डॉक्टरांनी घरी येऊन शांतपणे सांगितलं, तेव्हा कुठे पटलं. वेदना कमी करणारी औषधं मात्र चालूच ठेवावीत, हे वाक्य तिने स्वतः घालायला लावलं.

निर्णय कळवायला माझं आणि ताईचं, दोघांचीही नावं घातली. साक्षीदार शेजारचे, नात्यातले नकोत म्हणून. कोर्टाजवळ नोटरीसमोर सही झाली. एक प्रत डॉक्टरांकडे दिली, एक महापालिकेसाठी काढून ठेवली.

हा कागद लागू होतो तो आई स्वतः बोलू शकत नसेल आणि आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तेव्हाच. तेही आधी रुग्णालयाचं मंडळ, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असलेलं दुसरं मंडळ, दोन्ही 'हो' म्हणाल्यावर.

परवा आई म्हणाली, शेवटी मला घरीच आणा, हे लिहायचं राहिलं. बदल करता येतो, फक्त साक्षीदार आणि नोटरी पुन्हा लागतात. पुढच्या आठवड्यात तेवढी ओळ घालून घेतोय.