मंगळावर पतंग का चढत नाही

‘नेपच्यूनवर ताशी २००० किलोमीटर वेगाचे वारे’ अशी बातमी अधूनमधून येते आणि आमच्या ग्रुपवर लगेच फिरते. आकडा बरोबर आहे. पण नुसत्या वेगाच्या आकड्याने मला काही होत नाही, कारण माझा धंदाच वाऱ्याचा आहे. वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारे मोठे पंखे बनवतो. नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न हाच, हवा किती स्पीडने फेकतो? मी उलट विचारतो, हवा कुठली, गरम की थंड? भट्टीचा गरम धूर ओढायला बसवलेला पंखा थंडीत सकाळी डॅम्पर (हवा अडवायची झडप) उघडा ठेवून चालू करा, मोटरचे अ‍ॅम्पिअर उडी मारतात आणि ट्रिप. पंखा तोच, आरपीएम तेच. थंड हवा जड, एवढाच फरक. वाऱ्याचा जोर म्हणजे हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग. त्यातला फक्त वेग सांगणं म्हणजे भाव न सांगता वजन सांगणं.

यंदा इथल्या गेंडीगेटच्या बाजारात पतंग घ्यायला गेलो तेव्हा भाची बरोबर होती. मांजा रंगवणाऱ्यांच्या गर्दीत उभी राहून म्हणाली, “मामा, मंगळावर पतंग उडेल का रे?” पोरीने प्रश्न मात्र बरोबर विचारला.

घरी येऊन हिशोब मांडला. आपल्याकडे ताशी १५ किलोमीटरचा वारा असला की पतंग मजेत चढतो. मंगळाच्या जमिनीवरची हवा आपल्या हवेच्या साधारण एक साठांश दाट. गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, म्हणजे पतंगही हलका होतो, तेवढी सवलत धरली. तरी तोच पतंग तोलून धरायला ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वारा लागतो. तिथे जमिनीलगत मोजलेला सगळ्यात जोराचा वारा ताशी १०० च्या घरातला, आणि तोही वादळातला. एरवी तिथला वारा इथल्या झुळकेइतकाही हाताला जाणवणार नाही. वादळात चढवलाच, तरी दोऱ्याला ओढ येणार इथल्यापेक्षा कमीच. ठुमका मारायला, म्हणजे दोऱ्याला हिसका द्यायला, काही मजा नाही.

मग मंगळाच्या वादळांचा एवढा दरारा कशासाठी? धुळीसाठी. ती धूळ पिठासारखी बारीक, एकदा वर गेली की खाली बसायचं नाव घेत नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये नासाचं मरिनर ९ यान तिथे पोचलं तेव्हा अख्खा ग्रह धुळीखाली होता, प्रचंड ज्वालामुखींचे माथे तेवढे काळ्या ठिपक्यांसारखे दिसत होते. मरिनर वरून फिरत राहिलं, जानेवारीत धूळ बसल्यावर कामाला लागलं. मागोमाग आलेल्या रशियन यानांना थांबायची सोयच नव्हती. मार्स २ आपटलं. मार्स ३ नीट उतरलं खरं, पण काही सेकंदांत मुकं झालं. २०१८ च्या वादळात ऑपॉर्च्युनिटी गेली, ती सोलर पॅनलवर चालणारी गाडी. तिला वाऱ्याने धक्कासुद्धा दिला नसेल, अंधार झाला आणि बॅटरी उतरली. त्याआधी चौदा वर्षं तिची पॅनलं अधूनमधून साफ करायचं कामही तिथल्या वाऱ्यानेच केलं होतं, हे कुणी सांगत नाही.

शुक्रावर सगळं उलटं. जमिनीवर वारा ताशी तीन-चार किलोमीटर, आपण रमतगमत चालतो तेवढा. १९७५ मध्ये रशियाच्या व्हेनेरा यानांनी तो मोजला. पण हवा आपल्याहून पन्नास पटींच्या वर दाट, त्यामुळे तोच वारा इथल्या ताशी २५ किलोमीटरच्या वाऱ्यासारखा ओढेल. फिरकी हातात ठरणार नाही! अडचण एकच, तापमान ४६० अंशांच्या पुढे. ऑक्सिजन नसल्याने कागद पेटणार नाही, काळा पडून कोळसा होईल.

वर ढगांत मात्र वारा धावतो. तिथे जून १९८५ मध्ये रशियाच्याच व्हेगा यानांनी दोन फुगे सोडले, साडेतीन मीटर व्यासाचे. ते दोन दिवसांत सुमारे ११,००० किलोमीटर वाहून गेले. मला ते कापलेल्या पतंगासारखे वाटतात. वाऱ्याबरोबर जाणाऱ्याला वारा फारसा लागत नाही. गुरू, शनी, नेपच्यून यांच्याबाबत माझी तक्रार हीच आहे. तिथे पाय टेकायला जमीनच नाही. मांजा धरून कुणी तरी गच्चीवर घट्ट उभं असलं तरच पतंग उडतो, आणि तिथे गच्चीसकट सगळे वाहत जाणार. ते २००० किलोमीटर तिथे कुणाच्या हाताला कळायचे?

भाचीला खरी जागा सांगितली ती टायटन, शनीचा चंद्र. हवा आपल्या चौपट दाट, गुरुत्वाकर्षण सातवा हिस्सा. पतंगाला ताशी तीन किलोमीटरचा वारा पुरतो, आणि जमिनीलगत वारा असतो साधारण तेवढाच. हे कळलं कधी, तर १४ जानेवारी २००५ ला. ऐन उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीची दुपार, इथे सगळं शहर गच्च्यांवर, आणि तिकडे ह्युजेन्स यान पॅराशूटला लटकून अडीच तास टायटनच्या हवेतून उतरत होतं. १२० किलोमीटर उंचीवर त्याला ताशी ४३० चा वारा लागला. ८० च्या आसपास वारा जवळजवळ पडलाच, खाली आल्यावर पुन्हा थोडा उठला. पतंग उडवणाऱ्याला ही मधली मेलेली पट्टी समजावून सांगावी लागत नाही.

ही मोजणी थोडक्यात वाचली. ह्युजेन्सचे दोन रेडिओ चॅनल त्याला तिथवर घेऊन गेलेल्या कॅसिनी यानाने टिपायचे होते, पण एका रिसीव्हरला चालू व्हायची आज्ञा द्यायचीच राहून गेली. वारा मोजायचं काम नेमकं त्याच चॅनलवर होतं, शेकडो फोटोही त्याच्याबरोबर गेले. ग्रीन बँक आणि पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणींनी तो क्षीण सिग्नल पृथ्वीवरून थेट पकडला, आणि त्याच्या बदलत्या फ्रिक्वेन्सीवरून वाऱ्याचा हिशोब लागला.

“मग नासा तिथे पतंग का नाही पाठवत?” भाचीने विचारलं. पतंग नाही, पण ड्रॅगनफ्लाय नावाचं आठ पंख्यांचं ड्रोन २०२८ मध्ये निघणार आहे, पोचेल २०३४ ला. आकाराने मोटारगाडीएवढं. इतकं मोठं धूड पंख्यांवर उचलायची हिंमत होते, ती त्या दाट हवेच्याच जोरावर. पंख्यांचा हिशोब मी करून बघतोय, पण हवा उणे १७९ अंशांची आहे. अशा हवेचं गिऱ्हाईक अजून माझ्याकडे आलेलं नाही.