मोटरहोम की ट्रेलर? आमचं गणित दाराच्या आतल्या स्टिकरवर सुटलं

दोन वर्षं आमच्या घरात हा एकच विषय चालू होता, आता एकदाचा संपलाय म्हणून लिहून ठेवतेय, कारण इथे डेन्व्हरजवळच्या दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं की तुम्ही शेवटी काय घेतलं आणि फोनवर सगळं सांगणं होत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते, मोटरहोम म्हणजे इंजिन आणि घर एकाच गाडीत, आणि ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर जे आपल्या गाडीमागे हिचला, म्हणजे जोडणीच्या आकड्याला, जोडून ओढायचं.

मागच्या जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा आम्ही २५ फुटी क्लास सी मोटरहोम भाड्याने घेतली, म्हणजे ती जिच्यात ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बेड पुढे आलेला असतो, आणि लॅरमी, रॉलिन्स, लँडर करत यलोस्टोन नॅशनल पार्कला गेलो. आईचे गुडघे दुखतात, तासा-दीड तासाने थांबावंच लागतं, आणि वायोमिंगमध्ये दोन गावांच्या मधे मैलोनमैल काही नसतं. पण गाडी बाजूला लावली की आई चार पावलांत बाथरूममध्ये, ना पेट्रोलपंप शोधायचा ना कुणाला संकोच, चहा पण तिथेच. आई दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, एवढ्या लांबच्या प्रवासात मी पहिल्यांदाच पाणी पोटभर प्यायले." हे ऐकून मला गलबलून आलं, कारण लहानपणापासून एसटीत तिला घोटभर पाण्यावर दिवस काढताना बघितलंय.

मुक्काम फिशिंग ब्रिजला होता. यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या मिळतात तो हा एकच कॅम्पग्राउंड, आणि अस्वलांमुळे तिथे पक्क्या भिंतींच्या गाड्याच चालतात, तंबू किंवा कापडी घडीचा ट्रेलर चालत नाही, त्यामुळे स्वस्तातला घडीचा ट्रेलर घ्यायचा विचार करत असाल तर हे आधी बघा. तिथली उंची साडेसात हजार फुटांच्या वर, पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, म्हणून कुकर सोबत न्याच.

आता अडचण कुठे आली ते सांगते. रोज सकाळी फिरायला निघायचं म्हणजे अख्खं घर घेऊन निघायचं, नळी काढा, वायर काढा, स्लाइड (थांबल्यावर बाहेर सरकवायचा खोलीचा भाग) आत घ्या, ओट्यावरचं सगळं कपाटात ठेवा. मिडवे गीझर बेसिनच्या, म्हणजे रंगीत गरम झऱ्यांच्या जागेच्या, पार्किंगला तीन चकरा मारल्या, २५ फुटांची जागा मिळेना, बाबा खिडकीतून ती रंगीत वाफ बघत राहिले आणि शेवटी आम्ही संध्याकाळी सात वाजता परत गेलो तेव्हा कुठे जवळून बघायला मिळालं. पेट्रोल गॅलनला साडेआठ मैल, तेही शिस्तीत चालवून.

म्हणून परत आल्यावर नवरा म्हणाला, ट्रेलरच बरा, कॅम्पवर सोडायचा आणि एसयूव्ही घेऊन मोकळं फिरायचं. मलाही पटलं. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कचा गोइंग-टू-द-सन रोड आम्हाला करायचाय, त्याच्या अव्हॅलांच ते रायझिंग सन या पट्ट्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही आणि ट्रेलर जोडला असेल तर दोन्हीची मिळून लांबी धरतात. भाड्याची ती मोटरहोम तिथे गेलीच नसती, पण ट्रेलर खाली सोडून एसयूव्ही सहज जाते.

मग आम्ही १९ फुटी ट्रेलर बघून आलो. डीलर म्हणाला तुमच्या गाडीची ओढायची क्षमता ५००० पौंड, ट्रेलर रिकामा ३९००, आरामात जाईल. इथेच बरीच माणसं फसतात हो. रिकामा म्हणजे खरंच रिकामा, त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरुणं नाहीत, नुसती ४० गॅलनची टाकी भरली तरी ३३० पौंड वाढतात. भरलेला ट्रेलर ४६०० धरला तर त्याचा साधारण १२ टक्के भार हिचवर, म्हणजे आपल्या गाडीवर पडतो, ते झाले साडेपाचशे, वर तो भार गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या खास हिचचं वजन ८०. आता ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचं स्टिकर वाचा, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते तिथे लिहिलेलं असतं. आमच्या गाडीवर १३५० आहे. आम्ही चौघं आणि आई-बाबा मिळून साधारण ७५०. बेरीज केली तर १३८०, आणि अजून पाण्याची एक बाटलीसुद्धा गाडीत ठेवलेली नाही!

आणि आई-बाबांना मागे ट्रेलरमध्ये बसवू म्हणाल तर बहुतेक राज्यांत चालत्या ट्रेलरमध्ये बसायला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, वायोमिंगमध्ये एल्क माउंटनजवळ आय-८० हायवेवरचा आडवा वारा मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून अनुभवलाय. शिवाय डेन्व्हरहून पश्चिमेला जाताना आय-७० हायवेवर आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर, तिथे टर्बो नसलेल्या इंजिनाचा एक तृतीयांश दम आधीच गेलेला असतो आणि पलीकडे सात टक्क्यांचा उतार, तिथे जास्तीचं वजन घेऊन जायला माझं मन धजेना.

पण आम्ही चौघंच असलो तर? तेव्हा १०९० होतात, अडीचशे पौंड सामानाला उरतात. मोटरहोम विकत घेतली तर इंजिनाचा सगळा खर्च आला, वर्षातले दहा महिने उभी राहून टायर म्हातारे होणार, आणि इंजिन बिघडलं की घरही गॅरेजमध्ये. आई-बाबा येतात दोन वर्षांतून एकदा, कधी लागोपाठ.

तर ट्रेलर घेतला. ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) बसवून झाला, दोन रविवार शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये रिव्हर्सची प्रॅक्टिस केली (स्टिअरिंगला खालून धरायचं, मग हात ज्या बाजूला नेऊ त्याच बाजूला ट्रेलरचं ढुंगण जातं, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं). ऑगस्टमध्ये आम्ही चौघं ग्लेशियरला चाललोय.

आणि आईचं तिकीट मे महिन्याचं आहे. त्या दोन आठवड्यांसाठी परत मोटरहोमच भाड्याने घेतलीय, फक्त यावेळी बेड दोन्ही बाजूंनी मोकळा असलेली मागून घेतली, मागच्या वेळी तो कोपऱ्यात होता आणि रात्री उठायचं तर आईला बाबांना ओलांडून यावं लागायचं.