दोरीवरचे कपडे आणि इतर प्रेक्षणीय स्थळे

इटलीला जाऊन आलेल्या माणसाचे फोटो बघायला बसलं की कलोसियम आणि पिसाचा मनोरा पहिल्या पाच मिनिटांत उरकतात. मनोरा तळहातावर तोलून धरल्याचा फोटो झाला की खरा ऐवज बाहेर पडतो. दोन घरांमधल्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, पोपडे सुटलेल्या पिवळ्या भिंतीला टेकवलेली सायकल, दाराशी पत्ते कुटत बसलेले म्हातारे, खिडकीतलं मांजर. आणि व्हेस्पा स्कूटर. ती हवीच, आणि शक्यतो फिक्या हिरव्या रंगाची.

यातलं निम्मं सामान आपल्याकडे दारासमोर पडलेलं असतं. पण समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतल्या चादरींवर कॅमेरा रोखून बघा, संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन येईल. नेपल्सच्या स्पॅनिश क्वार्टर्समध्ये मात्र मी मान दुखेपर्यंत दोऱ्याच बघत उभी होते. तिथल्या बऱ्याच दोऱ्या कप्पीवर असतात. बाई आपल्या गॅलरीतून हलत नाही. एक कपडा लावायचा, दोरी ओढायची, तो गल्लीवर सरकतो, की पुढचा. मोजे जोडीने, बनियन उलटे, चादर सगळ्यात शेवटी. पावसाचं चिन्ह दिसलं की अख्ख्या दोरीवर पारदर्शक प्लास्टिक पडतं आणि कपडे आत निवांत वाळत राहतात. इतकी हुशार व्यवस्था, पण हे प्लास्टिक मला एकाही पोस्टकार्डावर दिसलं नाही. मीसुद्धा बिनप्लास्टिकची गल्ली मिळेपर्यंत कॅमेरा काढला नव्हता.

फोटोत जुना काळ आणायचा तर गाळायचं काय, एवढंच कळावं लागतं. डिश अँटेना, एसीचे डबे, कचऱ्याची रंगीत पिंपं, चाकांच्या बॅगा ओढत निघालेले आपल्यासारखेच चार लोक. एवढं कडेला गेलं की १९५५ साल आपोआप अवतरतं. वर कृष्णधवल केलं की झालंच.

ही गाळणी काही आपण शोधलेली नाही. एकोणिसाव्या शतकात नेपल्समध्ये जॉर्जिओ सोमर नावाच्या जर्मन छायाचित्रकाराचा मोठा स्टुडिओ होता. युरोपातले पैसेवाले प्रवासी व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि त्याने गाडलेलं पॉम्पेई बघायला यायचे आणि परतताना आठवण म्हणून फोटो विकत घेऊन जायचे. त्यात एक हमखास खपणारा विषय होता मॅकरोनी खाणाऱ्यांचा. फाटक्या कपड्यांतली माणसं लांबच लांब मॅकरोनी मुठीत धरून डोक्याच्या वर उचलतायत आणि आ वासून तोंडात सोडतायत. बघणाऱ्याला वाटावं, फोटोग्राफर सहज रस्त्याने चालला होता आणि हे त्याला दिसलं. पण त्या काळच्या कॅमेऱ्यापुढे हललं की चेहरा पुसला जायचा. म्हणजे हात वर, मान मागे, तोंड उघडं, आणि आता हलू नका! नेपल्सचा तो सुप्रसिद्ध मनमोकळा स्वभाव असा श्वास रोखून बसवलेला आहे.

रस्त्यावरच्या फोटोंमध्ये सर्वांत जास्त वाद घातला गेला असेल तो अमेरिकन छायाचित्रकार रूथ ऑर्किनने १९५१ साली फ्लॉरेन्समध्ये काढलेल्या फोटोवर. कुठल्या ना कुठल्या कॅफेच्या भिंतीवर तुम्ही तो पाहिलेला असणार. २३ वर्षांची उंच अमेरिकन मुलगी फुटपाथवरून चाललीय, शाल हाताने घट्ट धरलेली, आणि दोन्ही बाजूंना मिळून १५ पुरुष तिच्याकडे बघतायत. एक तर तोंडाने काहीतरी आवाज काढतोय हे फोटोतही ऐकू येतं. ऑर्किनने तिला तिथून दुसऱ्यांदा चालायला सांगितलं होतं, आणि स्कूटरवरच्या माणसाला सांगितलं होतं की बाकीच्यांना म्हणावं, कॅमेऱ्याकडे बघू नका. मुलीकडे बघा असं मात्र कुणाला सांगावं लागलं नाही. पुढे कित्येक वर्षं लोकांना त्यात छळ दिसला, आणि ती मुलगी म्हातारी होईपर्यंत सांगत राहिली की मी त्या दिवशी मजेत होते, एकटीने इटली फिरत होते, मला कसली भीती? मी पहिल्यांदा तो फोटो बघितला तेव्हा माझी पाठ ताठ झाली होती. चौकातल्या टोळक्यापुढून गेलेल्या कुठल्याही मुलीची होईल. पण तिथून चालली ती होती, तेव्हा शब्द तिचा.

त्या फोटोतली स्कूटर लॅम्ब्रेटा आहे. खरं सांगायचं तर पुण्यात वाढलेल्या माणसाची नजर मुलीच्या आधी तिकडेच जाते. तिच्या जोडीची व्हेस्पा १९४६ ची. युद्धापर्यंत विमानं बनवणाऱ्या पियाजिओचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला, आणि कोराडिनो दास्कानिओ या विमानांच्याच इंजिनिअरने देशाला चाकांवर आणणारी दुचाकी काढली. साठच्या दशकात तीच गाडी बजाजने परवान्यावर पुण्यात बनवली. १९७१ ला परवाना संपला आणि पुढच्या वर्षी चेतक आली, पण अंग तेच. त्यामुळे रोमच्या गल्लीत दगडी पायऱ्यांशी उभी जुनी व्हेस्पा बघून माझ्या सोबतच्या मंडळींना प्रेमकथा सुचत होत्या, आणि मला दिसत होते बाबा, पॉलिश पेपरने प्लगवरची काजळी घासणारे. गाडी एका बाजूला कलंडवायची, दोन सेकंद थांबायचं, सरळ करून किक. पुढे हँडलला धरून मी उभी, मागे आई एका अंगाने बसलेली. प्रोचिदा बेटावर तर लिंबाच्या पेट्या लादलेली तीनचाकी आपे समोरून खडखडत आली. ती आपल्याकडे बारामतीत बनते आणि वडापला चालते. तिचा फोटो कुणीच काढला नाही. मी काढला.

स्कॅन्नोचं प्रकरण वेगळं आहे. अब्रुझोच्या डोंगरातलं हे लहानसं गाव. १९५७ मध्ये मारिओ जाकोमेल्ली तिथे गेला. पोटापाण्याला छापखाना आणि हौसेला कॅमेरा असा हा माणूस. त्याच्या फोटोत एक मुलगा खिशात हात घालून आपल्याकडे चालत येतोय, स्वच्छ, रेखीव. त्याच्या आसपास काळे कपडे घातलेल्या बायका चालल्यायत, पण सगळ्या पुसट, कडा विरघळलेल्या. पोरगा या गावचा आहे की आत्ताच कुठून येऊन पडलाय, कळत नाही. मी हा फोटो कितीही वेळ बघू शकते, आणि दर वेळी एक शंका येते. त्या बायकांना त्या काळ्या कपड्यांचं काय वाटत असेल? चढावर ते जड होत असतील, उन्हात तापत असतील. दक्षिण इटलीतल्या मातेराच्या गुहांमधल्या घरांचे जुने फोटो बघताना ही शंका फारच टोचते. दगडात कोरलेली ती घरं फोटोत विलक्षण देखणी दिसतात. आत मात्र माणसं आणि खेचर एकाच खोलीत राहायची आणि मलेरियाने पोरं मरायची. देशाला त्याची इतकी लाज वाटली की १९५२ साली कायदा करून तिथल्या सुमारे १५ हजार माणसांना बाहेर हलवलं. १९९३ मध्ये युनेस्कोने त्याच वस्तीला वारसास्थळ केलं. आता त्या गुहांमध्ये हॉटेलं आहेत आणि खेचराच्या जागी बाथटब.

व्हेनिसचा छायाचित्रकार जानी बेरेंगो गार्दिन मला म्हणूनच आवडतो, की त्याने उतारवयात गाळणं साफ सोडून दिलं. वापोरेत्तो या प्रवासी बोटीत काढलेला त्याचा १९६० चा फोटो जुन्या व्हेनिसच्या चाहत्यांचं दैवत आहे. टोप्या, कोट, काचांमधली प्रतिबिंबं. आपल्या प्रिंटच्या मागे तो ‘खरं छायाचित्र’ असा शिक्का मारायचा. ऐंशी ओलांडल्यावर याच माणसाने त्याच शहरात काय टिपलं, तर गल्लीच्या टोकाशी घरांच्या डोक्यावरून जाणारी क्रूझ जहाजं. २०१५ मध्ये व्हेनिसच्या महापौरांनी डोजेच्या, म्हणजे तिथल्या जुन्या शासकाच्या, राजवाड्यात ते प्रदर्शन भरू दिलं नाही, मग ते सॅन मार्को चौकातच दुसऱ्या जागी भरलं. शहराच्या जुन्या भागात १९५१ साली पावणेदोन लाख लोक राहायचे, आता ५० हजारही नाहीत. कपडे वाळत घालायलाही माणसं लागतात.

शेवटचा मुक्काम दक्षिणेतलं बारी शहर. जुन्या शहरात आर्को बास्सोजवळच्या गल्लीत बायका दारात टेबल मांडून ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता बनवतात. पिठाची वळी, सुरीने टपोऱ्या दाण्याएवढा तुकडा ओढायचा, अंगठ्यावर उलटवायचा, की कानाच्या पाळीसारखी वाटी तयार. बोलता बोलता दहा-बारा पडतात, जाळीच्या ट्रेवर. एका आजींना मी खुणेनेच विचारलं, फोटो काढू? त्यांनी पाकिटांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. आधी खरेदी, हे कुठल्याही भाषेत कळतं. मी एक पाकीट उचललं. आजींनी चष्मा काढला, मोबाईल ॲप्रनच्या खिशात टाकला, कार्डाचं मशीन पिठाच्या फडक्याखाली सरकवलं, लेकीला हातानेच दारातून बाजूला केलं आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता ओरेक्किएत्ते वळायला लागल्या. तीन-चार फोटो झाल्यावर त्यांनीच मान हलवली, पुरे म्हणून. मशीन फडक्याखालून बाहेर आलं आणि मी कार्ड टेकवलं.